सबबीचा रकाना

१२०० मीटरची रेस साधारण सत्तर सेकंदांत आटोपते. दुपारी मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सला गेलेला माणूस अंधार पडताना बाहेर येतो, तेव्हा सगळ्या रेस मिळून त्याने जेमतेम दहा-बारा मिनिटं घोडे पळताना पाहिलेले असतात. बाकीचा सगळा वेळ तो वाचत असतो. हातात रेसबुक. त्यात बारीक टायपात प्रत्येक घोड्याचे आई-बाप, वय, मागच्या धावा, कुठल्या अंतराला कितवा आला, पाठीवर वजन किती होतं, जॉकी कोण होता, पहाटेच्या कसरतीत शेवटचे ६०० मीटर किती सेकंदांत काढले. माणसं उभ्याने वाचतात, पायरीवर बसून वाचतात, चहाच्या रांगेत सरकत सरकत वाचतात. दहावीच्या पेपराआधी शाळेच्या फाटकाबाहेर पोरं शेवटची पानं उलटत असतात, तसं वातावरण. एखादा परका माणूस आत आला तर विचारेल, इथे जुगार नेमका कुठे चाललाय?

रेसच्या नादाला लोक हाव म्हणतात. मला ते पटत नाही. हाव असलेला माणूस इतकं वाचत नाही. त्याला लवकर श्रीमंत व्हायचं असतं, आणि त्यासाठी या शहरात याहून सोपे रस्ते नेहमीच होते. पैसा हे निमित्त. खरा नाद असतो तो 'मला आधीच कळलं होतं' हे चारचौघांत म्हणता येण्याचा. एकदा तसं म्हणायला मिळालं की माणूस पुढची कित्येक वर्षं ते वाक्य पुन्हा म्हणायला मिळावं म्हणून पैसे मोजत राहतो.

हे मी मामाकडे बघून म्हणते. माझा थोरला मामा लोअर परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या मागांवर होता. राहायला डिलाईल रोडला, चाळीत. तिथून चालत निघून महालक्ष्मी स्टेशनचा पूल उतरला की पलीकडे रेसकोर्स. मामा दारू पीत नसे, तंबाखू खात नसे, चाळीत तो निर्व्यसनी म्हणून प्रसिद्ध होता. पिणारा माणूस रात्री जिन्यात पडायचा, सोमवारी खाडा करायचा, चाळीला कळायचं. रेसवाला सोमवारी भोंग्याला हजर. इस्त्रीचा शर्ट घालून, वही काखेत मारून निघालेल्या माणसाला कोण व्यसनी म्हणणार? त्याला विचारलं तर तो 'अभ्यास' हाच शब्द वापरायचा. "या वेळी अभ्यास चांगला झालाय."

त्या वह्या मी पाहिल्या आहेत. शंभर पानी, रूळ लावून आखलेल्या. मामा सातवी शिकलेला, पण अक्षर मोत्यासारखं, आणि घोड्यांची इंग्रजी नावं तो देवनागरीत इतक्या आत्मविश्वासाने लिहायचा की मूळ नाव काय असेल हे ओळखायला आम्हाला वेळ लागायचा. तारीख, अंतर, वजन, जॉकी, वेळ, कितवा आला. शेवटचा रकाना सबबीचा. आपण लावलेला घोडा का आला नाही, ते तिथे लिहायचं. 'सुटताना मागे राहिला.' 'आत कठड्याला कोंडला.' 'जॉकीने फार लवकर काढला.' 'जॉकीने फार उशिरा काढला.' 'अंतर जास्त झालं.' 'वजन दोन किलो जड.' पानंच्या पानं. एकाही ठिकाणी 'माझा अंदाज चुकला' असं नाही. आणि दुसरी गोष्ट, जी मला फार उशिरा ध्यानात आली : पैशाचा रकानाच नाही. किती लावले, किती आले, किती गेले, कुठेही एक आकडा नाही. त्या वह्यांवरून तेव्हाच्या सीझनमधल्या घोड्यांची कुंडली मांडता येईल, पण मामाने काय घालवलं ते कळणार नाही.

ते दुसऱ्या वहीत होतं. वाण्याच्या. ती मामीच्या ताब्यात असायची, तांदळाच्या डब्यावर ठेवलेली, आणि तिच्यात सबबीचा रकाना नव्हता. महालक्ष्मीचा सीझन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. मग घोडे पुण्याला जातात, जुलै ते ऑक्टोबर तिकडे रेस. मामीचं वर्ष त्यामुळे दोन भागांत वाटलेलं होतं. पावसाळ्यात वाण्याची उधारी उतरायची, दिवाळीनंतर पुन्हा चढायला लागायची. साड्या, फराळ, आम्हा भाच्यांना वह्या-पुस्तकं, जे काय व्हायचं ते गणपती-दसऱ्याच्या दरम्यान. आम्हाला वाटायचं मामीला सणांची हौस आहे.

या मैदानाचा इतिहास बघितला तर ही जागाच मुळात समुद्राकडून हिसकावलेली. वरळी आणि महालक्ष्मी यांच्या मधून भरतीचं पाणी आत शिरायचं. हॉर्नबी वेलार्डचा बांध १७८४ च्या सुमारास पुरा झाला आणि आतली दलदल हळूहळू वाळू लागली. साहेबाच्या रेस तेव्हा भायखळ्याला भरत. भायखळा क्लब तिथेच, आणि आखातातून गलबतांनी येणाऱ्या अरबी घोड्यांचा बाजारही त्याच बाजूला. मुंबई बंदर म्हणजे त्या काळी हिंदुस्थानात अरबी घोडा उतरण्याचं मोठं ठिकाण. लष्कराला घोडे लागत, साहेबाला करमणूक लागे, व्यापाऱ्याला आपला माल पळवून दाखवायची संधी लागे. तिघांची सोय एका मैदानात झाली. १८६४ साली बॉम्बे टर्फ क्लब निघाला, १८८३ साली मेलबर्नच्या कॉलफिल्ड रेसकोर्सचा नमुना समोर ठेवून महालक्ष्मीचं मैदान तयार झालं. क्लबाच्या नावाला १९२५ साली 'वेस्टर्न इंडिया' आणि १९३५ साली 'रॉयल' चिकटलं. रॉयल अजून तसंच आहे, रस्त्यांची नावं बदलली तरी.

त्याच दशकांत मैदानाच्या पूर्वेला गिरण्यांची धुराडी उभी राहत होती. म्हणजे घोडा आणि साचा हे शेजारी शेजारीच वाढले. मैदानात मात्र कुंपणांची उतरंड. मेंबरांचं आवार वेगळं, पहिलं एन्क्लोजर वेगळं, दुसरं वेगळं. कुठल्या दाराने आत शिरलात त्यावरून तुम्ही कोण ते ठरायचं. आणि तरीही पैज लागायची ती सगळ्यांची एकाच घोड्यावर. महाराजाचा घोडा आला की साचेवाल्याचे दहा रुपये वाढायचे. मामाला या गोष्टीचं फार कौतुक होतं. एका महाराजाला त्याने लांबून पाहिलं होतं आणि "त्याचंही त्या दिवशी माझ्याइतकंच चुकलं" असं तो सांगायचा, जणू दोघं एका पाळीला कामाला होते.

महाराजांचा विषय निघालाच आहे तर बडोद्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इंडियन डर्बी १९४३ साली सुरू झाली, तेव्हा तिचं नाव वेगळं होतं. पहिल्याच वर्षी जिंकली ती प्रिन्सेस ब्यूटिफुल नावाची घोडी, मालक बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड, पाठीवर ऑस्ट्रेलियन जॉकी एडगर ब्रिट. मग महाराजांनी इंग्लंडात मोर्चा वळवला. २८,००० गिनी मोजून एक शिंगरू घेतलं, तेव्हाचा तो विक्रमी भाव, आणि त्याचं नाव ठेवलं सयाजीराव. १९४७ साली, इकडे देश स्वतंत्र होऊन महिना उलटत होता तेव्हा, सयाजीरावाने तिकडची सेंट लेजर जिंकली. ज्या नावाने मराठी माणसाला ग्रंथालयं, शिष्यवृत्त्या आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण आठवतं, ते नाव इंग्लंडातल्या रेसकार्डावर छापलं गेलं. राज्याच्या तिजोरीतून उचललेल्या रकमांवरून विलीनीकरणाच्या काळात बराच गदारोळ झाला आणि १९५१ साली भारत सरकारने प्रतापसिंहरावांची राजेपदाची मान्यता काढून घेतली. वाण्याची वही प्रत्येकाची असते. काहींची जरा मोठी असते.

आता घोडं पेंड कुठे खातं ते सांगते.

रेसबुक वाचून, वह्या आखून, पहाटेच्या कसरतींचे आकडे पाठ करून कुणाला वाटेल की चांगला घोडा कोणता ते ओळखलं की झालं. पण बहुतेक रेस हँडिकॅपच्या असतात. म्हणजे क्लबाने नेमलेला एक अधिकारी प्रत्येक घोड्याची कुवत आकड्यात मांडतो आणि त्या प्रमाणात पाठीवर वजन चढवतो. बरा घोडा असेल त्याला जास्त, मरतुकड्याला कमी. जॉकी हलका पडला तर खोगिराखालच्या कापडाच्या खिशात शिशाच्या पट्ट्या भरतात. उद्देश हा की कागदावर तरी सगळे घोडे एकाच वेळी खुंटाशी पोचावेत. घोडा जिंकला की पुढच्या वेळी त्याच्यावर ओझं वाढतं, हरत राहिला की उतरतं. थोडक्यात, एकीकडे माझा मामा रात्री कंदिलाएवढ्या बल्बखाली बसून घोड्याघोड्यातला फरक शोधतोय, आणि दुसरीकडे एक पगारी माणूस तोच फरक पुसून टाकायच्या कामावर आहे. डर्बीसारख्या मोठ्या रेस याला अपवाद. तिथे चार वर्षांचे घोडे २४०० मीटर पळतात, नरांना सारखं वजन, माद्यांना थोडी सूट. म्हणून डर्बीचा मान. पण गिरणी कामगाराचा रविवार डर्बीवर निघत नाही, तो चौथ्या-पाचव्या वर्गातल्या घोड्यांवर निघतो.

दुसरी ग्यानबाची मेख टोटमध्ये, म्हणजे क्लब स्वतः चालवतो त्या पैजेत. टोटला सगळ्यांचे पैसे एका डबक्यात जमतात, त्यातून क्लबाचा आणि सरकारचा वाटा आधी बाजूला निघतो आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. समजा चारातला एक रुपया असा बाजूला निघाला. शंभर रुपये घेऊन आलेल्या गर्दीकडे पहिल्या रेसनंतर पंचाहत्तर उरतात. तेच पुन्हा लावले की छप्पन्न. मग बेचाळीस. चौथ्या रेसनंतर एकतीस आणि वर काही पैसे. घोडे कुठलेही येवोत. एखाद्याच्या खिशात त्या एकतीसमधले तीस जातीलही, आणि सगळे त्या एकाचीच गोष्ट आठवडाभर सांगत बसतील.

यातून आणखी एक विचित्र गोष्ट निघते. तुमची झुंज घोड्याशी नसतेच, शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी असते. जे सगळ्यांना ठाऊक आहे ते ओळखून काही पदरात पडत नाही. सत्तरच्या दशकात स्क्वाँडरर नावाचा घोडा होता. १९ वेळा पळाला, १८ वेळा जिंकला. १९७७ ची इंडियन डर्बीही त्याचीच. हा घोडा येणार हे रेसकोर्सच्या दारातल्या पानवाल्यालाही माहीत, त्यामुळे त्याच्यावर लावून मिळणार चिल्लर. मामाने स्क्वाँडररवर कधी एक रुपया लावला नाही. "त्यात काय अक्कल?" असं म्हणायचा. देशातल्या सर्वोत्तम घोड्यांपैकी एक त्याच्या डोळ्यांदेखत पळत होता आणि तो दरवेळी त्याच्या विरुद्ध, दुसऱ्या कुणावर तरी पैसे लावून उभा. कारण तो घोडा हरला असता, तर ते आधी ओळखणारा चाळीत एकटा मामा ठरला असता. हाव असती तर माणूस असं करत नाही.

मटक्याचा मात्र त्याला तिटकारा. आधी सट्टा लागायचा तो न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या आकड्यांवर, ते येईनासे झाल्यावर साठच्या दशकात कल्याणजी भगत आणि मग रतन खत्रीने मडक्यातून, पत्त्यांतून आकडे काढायला सुरुवात केली आणि गिरणगावात घरोघरी ओपन-क्लोज पोचलं. पाच-दहा पैसे लावले तरी चालायचे. मामाच्या साचेखात्यातले निम्मे लोक आकडा लावायचे, त्यांना तो अडाणी समजायचा. "स्वप्नात साप दिसला म्हणून आकडा लावतात. डोकं लागतं का त्याला?" आकडा लावणाऱ्याची घरवाली आणि मामी एकाच वाण्याच्या दुकानात उभ्या असायच्या, आणि मामी म्हणायची की तिची बरी, तिला निदान सहा महिने वही ऐकून घ्यावी लागत नाही.

मामाचा हा तोरा त्याच्या एकट्याचा नव्हता, तो कायद्याचाही होता. या शहराने पैज कशावर लावली नाही? एकोणिसाव्या शतकात इथे पावसावर सट्टा चालायचा. ठरलेल्या वेळात छपराच्या पन्हळीतून पाणी वाहणार की नाही, यावर पैसे लागायचे. १८८७ साली मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा आला, आणि १८९० च्या दुरुस्तीने पावसावरची पैज गुन्हा ठरली. घोड्यावरची पैज मात्र त्या कायद्यात जुगाराच्या व्याख्येतूनच वगळलेली आहे. परवान्याचं मैदान हवं, शर्यतीचाच दिवस हवा आणि त्यासाठी राखलेलं आवार हवं. कठड्याच्या आत लावलेले दहा रुपये खेळ, तेच दहा रुपये केशवराव खाड्ये मार्गाच्या फुटपाथवर लावले तर पोलीस. १९१२ साली रेसकोर्सच्या परवान्यासाठी वेगळा कायदा झाला, १९२५ साली पैजेवर कर बसला. पावसाचं आभाळ सगळ्यांना फुकट दिसत होतं, त्याला दरवाजा बसवून तिकीट लावता येत नव्हतं. माझ्या मते फरक एवढाच. आभाळ वाचायलाही डोकं लागत असणारच.

पुढे १९९६ साली मद्रास रेस क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, नशिबाचा नव्हे. घोड्याचं रक्त, त्याचं शिक्षण, जॉकीचं कसब यांचा अभ्यास करून पैज लावली जाते. मामा तेव्हा असता तर त्याने निकालाचं कात्रण फ्रेम करून देवाशेजारी लावलं असतं. मला मात्र तो निकाल आठवला की मामीची वाण्याची वही आठवते. नशिबावर खेळणारा माणूस एक दिवस नशिबाला शिव्या देऊन थांबू शकतो. ज्याला वाटतं की आपला अभ्यास कमी पडला, तो थांबणार कसा? तो नवी वही आणतो. आणि गंमत बघा, न्यायालयाने कौशल्य म्हटलेल्या या खेळाला करखात्याने कॅसिनो आणि लॉटरीच्या पंगतीत बसवलंय. आधी २८ टक्के जीएसटी होता, सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. वर चारातला एक रुपया असं मी उदाहरण दिलं, ते फारच मवाळ म्हणायचं.

खरं जाणणारा माणूस पॅडॉकमध्ये दिसतो. रेसच्या आधी घोड्यांना गोल फिरवतात, तेव्हा लोक कठड्याला टेकून घोड्याचे पाय, घाम, कानांची ठेवण बघत असतात. माझं लक्ष लगाम धरून चालणाऱ्या मोतद्दाराकडे जातं. एका बाजूने घोडा मान झटकत असतो आणि हा त्याच्याकडे न बघता, दोन बोटांनी लगामाजवळचा गाल नुसता चोळत चालतो. घोडा निवतो. त्वचेखाली एक शीर बारीक उडत असते, तिच्यावर हाताचा तळवा ठेवून तो काहीतरी पुटपुटतो. पहाटे चारला उठून त्याने त्याला खरारा केलेला असतो, पायांना पट्ट्या बांधलेल्या असतात, काल रात्री किती चंदी उरली ते त्याला माहीत असतं. रेसबुकात त्याचं नाव छापत नाहीत. जॉकींना तर नियमाने पैज लावायचीच बंदी. पांडू खाडे, वसंत शिंदे अशी नावं मामा देवाच्या नावासारखी घ्यायचा, आणि त्या माणसांना आपल्याच घोड्यावर रुपया लावायची मुभा नव्हती. कळणाऱ्याने लावायचं नाही आणि लावणाऱ्याला कळत नाही, अशी ही वाटणी. मधल्या पोकळीत टीप नावाचा धंदा वाढतो. तबेल्यातली बातमी म्हणून टॅक्सीवाला, वेटर, न्हावी, प्रत्येकाकडे एकेक घोडा असतो, आणि सगळ्यांचा वेगळा असतो.

पुण्याबद्दल दोन शब्द, कारण पुणेकर मागे लागतील. तिथलं मैदान कॅम्पातलं, लष्करी, १८३० चं, मुंबईपेक्षा जुनं. १ जून १९३० ला सुरू झालेली डेक्कन क्वीन सुरुवातीला शनिवार-रविवारची गाडी होती, ती मुंबईच्या रेसशौकिनांच्या सोयीसाठी, असं सांगतात. आज त्या गाडीत ऑम्लेट खाणाऱ्या पासधारकांना घोड्याशी काही देणंघेणं नाही.

पण या धंद्यातला सगळ्यात मोठा जॅकपॉट लागला तो पुण्यातच, आणि तो कुठल्याच खिडकीवर वटवला गेला नाही. सापाच्या विषावरचं, धनुर्वातावरचं सीरम घोड्याच्या रक्तातून काढतात. पूनावाला स्टड फार्ममधले पळून थकलेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जायचे. घोडे आपले, मग सीरम दुसऱ्याने का करावं, या विचारातून १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट निघाली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. करोनात महालक्ष्मीच्या मैदानावर जम्बो सेंटर उभं राहिलं, आणि शहराने दंडात घेतलेल्या लशींतली मोठी संख्या त्याच घोडेवाल्यांच्या कारखान्यातून आली. मामाच्या एकाही वहीत या शक्यतेची नोंद नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले. सीझन ऐन भरात होता आणि गिरण्या बंद असल्या तरी घोडे पळत राहिले. मामाने लावणं सोडलं, सोडावंच लागलं, पण वही लिहिणं सोडलं नाही. रेसबुक शेजाऱ्याचं शिळं मागून आणायचा. कागदावर घोडे निवडायचा, संध्याकाळी निकाल बघायचा, रकाने भरायचा. एक नवी गोष्ट त्या वर्षाच्या वहीत दिसते. सबबीचा रकाना जवळजवळ रिकामा आहे. म्हणजे बिनपैशाचे घोडे बरेचसे आले, असा त्याचा अर्थ. निदान मामाने तसं लिहून ठेवलंय. मामीचं म्हणणं, वही आपण लिहायची आणि आपणच तपासायची, तर दुसरं काय येणार?

आता मैदान अर्ध्याहून कमी उरणार आहे. २११ एकरांपैकी १२० एकर महापालिकेकडे बागेसाठी जातात, ९१ एकर क्लबाकडे राहतात, असा करार २०२४ साली झाला. मला बागेचं वाईट वाटत नाही. या शहरात सकाळी चालायला मोकळी जागा नाही, आणि इतकी वर्षं एवढं हिरवं मैदान मूठभरांच्या नावावर होतं. काही जुने लोक हळहळतात. हळहळू देत. पैज लावणारे पंटर तर केव्हाच मैदानातून उठून मोबाइलमध्ये गेले आहेत. स्टँडमध्ये पांढऱ्या केसांची डोकी जास्त दिसतात.

मागच्या खेपेला मी डर्बीच्या दिवशी गेले. एका बाजूला पिसांच्या टोप्या आणि फोटोवाले, आमच्या बाजूला पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि रेसबुकं. माझ्या शेजारी एक काका होते, मामाच्याच वळणाचे, शर्टाच्या खिशात तीन रंगांची पेनं. डर्बीच्या आधीच्या एका रेसला मी एका बदामी घोड्यावर तिकीट काढलं आणि तो आला. भाव बरा मिळाला. काकांचा पाचवा.

"ताई, काय बघून लावलंत?" त्यांनी विचारलं.

"पॅडॉकमध्ये माझ्याकडे बघत होता."

त्यांचा चेहरा पडला. स्वतःचे पैसे गेल्याचं त्यांना काही नव्हतं, ते त्यांनी तिकीट फाडून केव्हाच संपवलं होतं. माझं तिकीट त्यांना सहन होईना. "हा घोडा १४०० ला येऊच शकत नाही," असं म्हणून त्यांनी रेसबुक माझ्यासमोर उलगडलं, हिरव्या पेनाने मागच्या तीन धावा अधोरेखित केल्या, बापाकडून दम कमी असल्याचं सांगितलं, वजन चढल्याचं दाखवलं. पुढचे घोडे स्टार्टिंग गेटात शिरेपर्यंत, नुकताच जिंकलेला माझा घोडा का जिंकू शकत नाही, हे ते मला पटवून देत होते. बोलणं इतकं मुद्देसूद की मी मान डोलावत होते, आणि एका हाताने पर्समध्ये तिकीट आहे ना, ते चाचपत होते.